इ.स. १२९६: देवगिरी, आळंदी आणि सहाचा चौथा घात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मध्ययुगात इतकी वर्षे आहेत, मग १२९६च का?

कारणे दोन आहेत. पहिले आपल्या मातीतले. याच वर्षाच्या वसंतात अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि याच वर्षीच्या कार्तिकात ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. शाळेत यातली एक गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात भेटते आणि दुसरी मराठीच्या. त्यामुळे या दोन घटनांमध्ये जेमतेम सात-आठ महिन्यांचे अंतर आहे, हे अनेकांच्या कधी लक्षातच येत नाही. ते लक्षात यावे, असे मला मनापासून वाटते.

दुसरे कारण संख्येचे आहे. १२९६ म्हणजे ६ × ६ × ६ × ६. इ.स. ५०० ते १५०० या हजार वर्षांत चौथा घात असलेली वर्षे दोनच आहेत: ६२५ आणि १२९६. या संख्येत त्याहूनही सुंदर गोष्टी दडलेल्या आहेत. त्या पुढे येतीलच.

त्या काळी लोक या वर्षाला १२९६ म्हणत होते का?

आपल्याकडे तर नाहीच. यादवांच्या राज्यात शालिवाहन शक चालत असे. जानेवारीपासून मार्चमधल्या गुढीपाडव्यापर्यंत शके १२१७ होते आणि पाडव्यापासून शके १२१८, दुर्मुख संवत्सर सुरू झाले. दिल्लीच्या दरबारी बखरकारांच्या लेखी ते हिजरी ६९५ होते. ३० ऑक्टोबरच्या सुमारास ६९६ लागले. उत्तरेत विक्रम संवत १३५२-५३ होते.

युरोपातही सगळीकडे एकसारखे नव्हते. फ्लॉरेन्समध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, इंग्लंडमध्येही तसेच. म्हणजे आपण ज्याला फेब्रुवारी १२९६ म्हणतो, तो तिथल्या माणसांच्या कागदावर १२९५ मध्ये मोडत असे. अंक तर आणखी वेगळे. तिथे वर्ष लिहिले जाई ते रोमन अक्षरांत: एमसीसीएक्ससीव्हीआय. आपल्याकडून अरबांमार्फत गेलेले अंक इटलीत तोवर पोचले होते, पण १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत ते वापरायला बंदी घातली. त्यांना रोमन अक्षरेच भरवशाची वाटत होती.

१२९६ हे लीप वर्ष होते का? सुरुवात कोणत्या वाराने झाली?

हो, लीप वर्ष होते, कारण १२९६ ला ४ ने भाग जातो. तेव्हा ज्युलियन कॅलेंडर चालू होते आणि त्यानुसार १ जानेवारीला रविवार होता. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरशी जुळवायचे असेल, तर त्या काळच्या तारखेत ७ दिवस मिळवा. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र या काळाच्या तारखा ज्युलियनच छापतात आणि इथेही तशाच दिल्या आहेत.

देवगिरीवर नेमके काय झाले?

अलाउद्दीन तेव्हा सुलतान नव्हता. तो दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजीचा पुतण्या आणि जावई होता. गंगेकाठच्या कडा इथे, म्हणजे आजच्या प्रयागराजजवळ, तो सुभेदार होता. दिल्लीचे तख्त मिळवायचे तर पैसा हवा आणि पैसा दक्षिणेत आहे, हे त्याने आधीच हेरले होते. २६ फेब्रुवारी १२९६ च्या सुमारास काही हजार घोडेस्वार घेऊन तो कड्याहून निघाला. सुलतानाला त्याने थांगपत्ता लागू दिला नाही. विंध्य ओलांडून तो वऱ्हाडात अचलपूरला आला आणि तिथून देवगिरीकडे वळला.

देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव बेसावध होता. त्याची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर गेली होती. या युवराजाला काही ग्रंथांत शंकरदेव, तर काहींत सिंघण म्हटले आहे. वाटेत घाटी-लाजौरा इथे कान्हा नावाच्या सरदाराने शत्रूला अडवले. त्याच्या बाजूने दोन स्त्रियाही सैन्याचे नेतृत्व करत लढल्या, असे इसामी हा दख्खनमध्येच राहून लिहिणारा इतिहासकार सांगतो. त्याने ते १३५० च्या सुमारास लिहिले, म्हणजे घटनेनंतर अर्ध्या शतकाने. त्या दोघींची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

पुढची हकीगत फिरिश्ता हा इतिहासकार देतो. तो याच्या तीनशे वर्षांनंतरचा, त्यामुळे त्याचा तपशील थोडा सावधपणे घ्यायला हवा. त्याच्या म्हणण्यानुसार किल्ल्यावर घाईघाईने चढवलेल्या गोणी धान्याच्या समजल्या गेल्या आणि त्यांत निघाले मीठ. रामचंद्राने तह केला. तेवढ्यात युवराज फौजेसह परतला, त्याने तह धुडकावला आणि लढाई जुंपली. यादवांची सरशी होत असताना अलाउद्दीनचा सरदार नुसरत खान याची हजारभर घोड्यांची तुकडी धुरळा उडवत आली. दिल्लीहून सुलतानाची मोठी फौज पाठोपाठ येते आहे, अशी आवई अलाउद्दीनने आधीच उठवून ठेवली होती. ती फौज आलीच असे वाटून यादव सैन्याचा धीर सुटला. दुसरा तह पहिल्यापेक्षा जड होता: सोने, मोती, रत्ने, रेशीम, हत्ती, घोडे आणि दरसाल अचलपूर प्रांताचे उत्पन्न.

जूनच्या सुरुवातीला अलाउद्दीन कड्याला परतला होता. सगळी मोहीम साधारण तीन महिन्यांची.

या लुटीचे पुढे काय झाले?

तिच्या जोरावर दिल्लीचे तख्त बदलले. जुलैमध्ये जलालुद्दीन नावेतून गंगा उतरून पुतण्याला भेटायला कड्याला आला. तिथेच त्याचा खून झाला. अलाउद्दीनने स्वतःला सुलतान जाहीर केले आणि भर पावसाळ्यात दिल्लीचा रस्ता धरला. दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी लिहितो, की वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाला एका लहान गोफणयंत्रातून जमलेल्या गर्दीवर सोन्याचे तुकडे उधळले जात. लोक ते वेचायला धावत, फौजेत भरती होत. दिल्लीचे अमीरही एकेक करून फुटले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, २१ तारखेच्या सुमारास, अलाउद्दीन दिल्लीच्या तख्तावर बसला.

ते देवगिरीचे सोने होते. शेतसाऱ्यातून, व्यापाऱ्यांच्या जकातीतून, घाटांवरच्या वसुलीतून पिढ्यान्‌पिढ्या साठलेले. ते गोफणीने दिल्लीच्या वाटेवर उधळले गेले, हे वाचताना पोटात तुटते.

मग यादवांचे राज्य १२९६ मध्येच बुडाले?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे. अलाउद्दीन पैसा घेऊन निघून गेला. रामचंद्रदेव गादीवरच राहिला. खंडणी थकल्यावर अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर १३०७-०८ मध्ये चालून आला, राजाला दिल्लीला नेले आणि ‘राय रायन’ हा किताब देऊन मांडलिक म्हणून परत पाठवले. रामचंद्रदेवाचा जावई हरपालदेव याचे बंड मोडून राज्य पुरते संपवले गेले ते १३१७ च्या सुमारास. १२९६ मध्ये राज्य बुडाले नाही, त्याचा दरारा संपला.

ज्ञानेश्वरांच्या समाधीची तिथी काय आणि ती तपासता येते का?

परंपरेने सांगितलेली तिथी अशी: कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, दुर्मुख संवत्सर, गुरुवार. इंग्रजी तारीख साधारणपणे २५ ऑक्टोबर १२९६ अशी दिली जाते.

तपासता येते आणि तपासून पाहण्यात मोठा आनंद आहे. वर सांगितले की १ जानेवारी १२९६ ला रविवार होता. लीप वर्षात २५ ऑक्टोबर हा वर्षाचा २९९ वा दिवस येतो. म्हणजे पहिल्या दिवसानंतर २९८ दिवस. २९८ = ४२ × ७ + ४. रविवारच्या पुढे चार दिवस मोजा: सोम, मंगळ, बुध, गुरू. वार जुळला.

आता संवत्सर. शके १९०९ (म्हणजे १९८७) हे प्रभव संवत्सर होते. तिथून १२१८ पर्यंत मागे ६९१ वर्षे. ६० चे चक्र ११ वेळा पूर्ण होऊन ३१ उरतात. प्रभवपासून ३१ मागे म्हणजे चक्रात ३० वे नाव आणि ते आहे दुर्मुख. संवत्सरही जुळले. चंद्राचे गणित केले तर अमावास्या २८ ऑक्टोबरच्या आसपास येते, त्यामुळे २५ ला वद्य त्रयोदशी पडणे अगदी बरोबर बसते. सातशे वर्षे कीर्तनातून, अभंगांतून तोंडोतोंडी आलेली तिथी, वार आणि संवत्सर एकमेकांना कुठेही छेद देत नाहीत.

दिल्लीच्या तख्तारोहणाची तारीख आणि ही तारीख शेजारी ठेवून पाहा. जेमतेम चार दिवसांचे अंतर आहे.

ज्ञानेश्वरांचा आणि यादवांच्या राज्याचा काही थेट संबंध आहे का?

आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० मध्ये, प्रवरेकाठी नेवाशाला पूर्ण झाली. तिच्या शेवटी ज्ञानेश्वरांनी यदुवंशातल्या श्रीरामचंद्राचा न्यायाचे पोषण करणारा राजा म्हणून उल्लेख केला आहे. नेवासे ते देवगिरी हे अंतर फार नाही. सहा वर्षांनी त्याच राजाच्या राजधानीच्या तोंडाशी परके घोडदळ उभे होते. वारकरी परंपरा समाधीचा विचार ज्ञानेश्वरांचे अवतारकार्य संपले या अंगाने करते आणि त्यात लढाईचे कारण शोधणे मला पटत नाही. पण इंद्रायणीकाठी जमलेल्या माणसांनी तोवर देवगिरीची बातमी ऐकली असणार, एवढे नक्की धरायला हरकत नाही. राजधानीवरचा घाला आठ महिने लपून राहत नाही.

चारही भावंडांनी १२९६ मध्येच समाधी घेतली का?

परंपरेनुसार दोघांनी. ज्ञानेश्वरांनंतर महिनाभरात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला, सोपानदेवांनी सासवडला समाधी घेतली. मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथ पुढच्या उन्हाळ्यात, शके १२१९ मध्ये गेले: मुक्ताबाई वैशाखात तापीकाठी मेहूणजवळ, निवृत्तिनाथ ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरला. तो इ.स. १२९७.

आता संख्येकडे. १२९६ चे ठळक गुणधर्म कोणते?

मूळ अवयव फक्त दोन: २ आणि ३, प्रत्येकी चार वेळा. म्हणून ती ६ चा चौथा घात आणि ३६ चा वर्ग. पूर्ण वर्ग असल्यामुळे तिच्या विभाजकांची संख्या विषम आहे, २५. कारण समजायला सोपे आहे. विभाजक जोडीने येतात: १ आणि १२९६, २ आणि ६४८, ३ आणि ४३२, असे. बारा जोड्या लागतात आणि ३६ एकटा उरतो, कारण त्याची जोडी तो स्वतःच.

पहिल्या ३६ विषम संख्यांची, म्हणजे १ पासून ७१ पर्यंतच्या विषम संख्यांची, बेरीज १२९६ येते. अंकांची बेरीज १८ आणि १८ ने १२९६ ला पूर्ण भाग जातो, ७२ वेळा. दोनच्या पायावर ती लिहिली तर १०१०००१०००० (१०२४ + २५६ + १६), आणि सहाच्या पायावर नुसती १००००.

पण माझ्या मते तिचा खरा मान पुढच्या प्रश्नात आहे.

घनांच्या बेरजेचे ते काय आहे?

१ ते ८ या संख्यांचे घन घ्या: १, ८, २७, ६४, १२५, २१६, ३४३, ५१२. बेरीज करा. १२९६.

आता १ ते ८ ची साधी बेरीज करा: ३६. तिचा वर्ग १२९६.

हा योगायोग नाही. १ पासून कुठपर्यंतही जा, घनांची बेरीज ही साध्या बेरजेच्या वर्गाएवढीच येते. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये हा नियम सूत्ररूपात दिला आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतही तो आहे आणि तो पूर्वसूरींनी सांगितला असल्याचे त्यांनी तिथे नमूद केले आहे. लीलावतीचा काळ ११५० च्या आसपासचा.

इथे यादव पुन्हा येतात. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी एक मठ काढला, १२०७ च्या सुमारास, चाळीसगावजवळच्या पाटण इथे. त्याचा शिलालेख तिथे आहे. चांगदेव हा रामचंद्रदेवाच्या बराच आधी होऊन गेलेला यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. म्हणजे आपण जो नियम १२९६ या संख्येत पाहतो आहोत, तो त्या राज्यात शिकण्या-शिकवण्याचा विषय होता. फक्त तिथल्या विद्यार्थ्याला आपण ‘१२९६’ सालात आहोत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याच्या पाटीवर शके १२१८ होते आणि त्या संख्येत असे काही नाही: २ × ३ × ७ × २९.

२०२५ बद्दलही असेच काहीतरी फिरत होते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

थेट आहे. १२९६ मध्ये पुढचा घन, म्हणजे ९ चा घन ७२९, मिळवा. २०२५ येतात. ४५ चा वर्ग. म्हणजे घनांच्या बेरजेच्या माळेत १२९६ नंतरचे लगेचचे वर्ष २०२५ होते. मधल्या ७२९ वर्षांत असे एकही वर्ष आले नाही. १२९६ च्या आधीचे ७८४ होते आणि २०२५ नंतरचे ३०२५ असेल.

त्यात २०२५ हे ज्ञानेश्वरांच्या जन्माचे (शके ११९७, इ.स. १२७५) साडेसातशेवे वर्ष म्हणून आळंदीत साजरे झाले. जन्मशक ११९३ होता असेही एक मत आहे, पण रूढ गणना ११९७ ची. समाधीचे वर्ष आणि जन्माच्या ७५० व्या वर्षाचे साल हे या माळेतले सलग दोन मणी निघावेत, हा योगायोग आहे आणि योगायोग म्हणूनच तो मला आवडतो.

बुद्धिबळाच्या पटाशी १२९६ चा संबंध काय?

पट ८ × ८ चा. त्यावर एकूण किती आयत दिसतात? लहान, मोठे, उभे, आडवे, चौरस धरून सगळे.

पटावर उभ्या रेघा ९ आणि आडव्या रेघा ९ असतात. कुठलाही आयत घ्या, त्याच्या दोन बाजू उभ्या रेघांवर आणि दोन आडव्या रेघांवर असतात. नऊ उभ्या रेघांतून दोन निवडायच्या तर ३६ प्रकार. आडव्यांतूनही ३६. दोन्हींचा गुणाकार १२९६. यातले चौरस मोजायचे तर ६४ + ४९ + ३६ + २५ + १६ + ९ + ४ + १ = २०४. उरलेले १०९२ लांबट आयत.

शाळेतल्या मुलांना हे कोडे घालून पाहा. आधी ६४ म्हणतील, मग मोठा एक धरून ६५, मग गप्प होतील आणि मग कागद घेतील. तो कागद घेण्याचा क्षण महत्त्वाचा. उत्तर लगेच सांगू नका.

आणि फाशांशी?

चार फासे टाकले तर निकाल १२९६ प्रकारे पडू शकतात. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेवालिए द मेरे या जुगाराची आवड असलेल्या गृहस्थाला एक पैज ठाऊक होती: एक फासा चार वेळा टाकला, तर निदान एकदा सहा पडेल. सहा एकदाही न पडण्याचे प्रकार ५ × ५ × ५ × ५ = ६२५. म्हणून निदान एकदा पडण्याचे १२९६ − ६२५ = ६७१. अर्ध्याहून किंचित जास्त, सुमारे ५१.८ टक्के. पैज लावणाऱ्याचा फायदा बारीक, पण खात्रीचा. द मेरेने विचारलेल्या अशाच प्रश्नांवरून पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांचा १६५४ मध्ये पत्रव्यवहार झाला आणि संभाव्यतेचे गणित उभे राहिले.

गंमत म्हणजे ६२५ आणि १२९६ ही मध्ययुगातली तीच दोन चौथ्या घाताची वर्षे आहेत.

जगात इतरत्र १२९६ मध्ये काय चालले होते?

सगळे सांगायला जागा नाही. मला जे मोलाचे वाटते ते सांगतो.

१२ एप्रिलला, गुरुवारी, राजा मंगराय याने आजच्या उत्तर थायलंडमध्ये चिआंग माई वसवले. जागा ठरवताना त्याने सुखोथाई आणि फायाओ या दोन शेजारी राज्यांच्या राजांना सल्ल्यासाठी बोलावले होते. देवगिरी लुटली गेली त्याच वसंतात एक राजा दोन शेजाऱ्यांना शेजारी बसवून नगराची जागा ठरवत होता, ही नोंद माझ्या मनात घर करून आहे.

स्कॉटलंडमध्ये मात्र वेगळे चालले होते. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ३० मार्चला बेरिक हे व्यापारी बंदर जिंकून तिथल्या लोकांची कत्तल केली. २७ एप्रिलला डनबारची लढाई झाली. जुलैत स्कॉटलंडचा राजा जॉन बॅलियल याला गादी सोडावी लागली आणि त्याच्या अंगरख्यावरची राजचिन्हे उसवून काढली गेली. स्कॉटिश राजे ज्या शिळेवर अभिषिक्त होत, ती स्कोनची शिळा एडवर्डने वेस्टमिन्स्टरला नेली. ती स्कॉटलंडला कायमची परतली १९९६ मध्ये, बरोबर सातशे वर्षांनी.

रोममध्ये पोप आठवा बोनिफेस याने फेब्रुवारीत फर्मान काढले, की आपल्या परवानगीशिवाय कोणत्याही राजाने धर्मगुरूंवर कर बसवू नये. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने उत्तरादाखल सोन्या-चांदीची निर्यातच बंद केली. सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्सला मुख्य चर्चची पायाभरणी झाली, आराखडा आर्नोल्फो दी काम्बियोचा. त्याचा प्रसिद्ध घुमट पुरा व्हायला १४३६ उजाडले. कैरोत लाजीन सुलतान झाला आणि संकटकाळी ज्या ओसाड मशिदीत तो लपला होता, ती इब्न तुलूनची मशीद त्याने नवस फेडावा तशी दुरुस्त करून घेतली.

सामान्य माणसाचे जगणे कसे होते, याची १२९६ ची काही नोंद आहे का?

आहे आणि ती फार जिवंत आहे. झोऊ दागुआन हा चिनी माणूस युआन दरबाराच्या शिष्टमंडळाबरोबर ऑगस्ट १२९६ मध्ये कंबोडियातल्या अंगकोरला पोचला आणि पुढच्या जुलैपर्यंत राहिला. राजवाडे, सोन्याचा मनोरा, हत्तीवर उभ्या राजाची मिरवणूक हे सगळे त्याने लिहिले आहेच. पण त्याचे लक्ष बाजाराकडेही होते.

तो सांगतो, की तिथे व्यापार बायका करतात. बाजार रोज भरतो, सकाळी लवकर सुरू होतो आणि दुपारी उठतो. दुकाने नाहीत. जमिनीवर चटई अंथरून माल मांडायचा, प्रत्येकीची जागा ठरलेली आणि त्या जागेचे भाडे अधिकाऱ्याला द्यायचे. किरकोळ खरेदीला तांदूळ आणि चिनी वस्तू चालत, त्याहून मोठ्याला कापड, आणि अगदी मोठ्या व्यवहाराला सोने-चांदी. बाहेरून आलेला चिनी माणूस आधी तिथलीच एखादी बायको करतो, कारण व्यवहार तिच्याकडून होतो, असेही तो नोंदवतो.

आपल्याकडे आठवडी बाजारात पोते पसरून, पुढ्यात भाजीचे वाटे लावून बसलेल्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत आणि पंचायतीची पावती फाडणारा माणूस ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वर्णन वाचताना काहीच परके वाटत नाही.

१९९६ मध्ये या घटनांची सातशे वर्षे कुणी पाळली?

महाराष्ट्राने समाधीची सप्तशताब्दी पाळली. त्या वर्षीचे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आळंदीलाच झाले आणि अध्यक्षपदी शांता शेळके होत्या. चिआंग माईनेही सातशेवे वर्ष साजरे केले आणि तिथल्या मोठ्या क्रीडासंकुलाला त्याचेच नाव आहे. शिळेचे वर सांगितलेच.

चौथ्या घाताचे वर्ष अशुभ असते का? १२९६ मध्ये इतकी राज्ये हादरली म्हणून विचारतो.

नाही. संख्येत शकुन शोधायचे तर आधी हे सांगावे लागेल, की कोणत्या गणनेतली संख्या. शके १२१८ मध्ये चौथा घात नाही, हिजरी ६९५ मध्ये नाही (५ × १३९), विक्रम १३५३ मध्येही नाही (३ × ११ × ४१). हल्ला तोच, समाधी तीच, आकडे वेगळे. देवगिरी पडली ती फौज दूर असल्यामुळे, हेरगिरी कमी पडल्यामुळे आणि किल्ल्यावरचा साठा न तपासल्यामुळे. संख्येवर खापर फोडले की ही खरी कारणे शोधायचे राहून जाते.

चौथ्या घाताचे पुढचे वर्ष २४०१ आहे, ७ चा चौथा घात.

लेखात संदर्भ देताना शके १२१८ लिहावे की इ.स. १२९६?

समाधीसारख्या परंपरेत तिथीने पाळल्या जाणाऱ्या घटनेसाठी आधी तिथी-शक लिहा, मग इसवी सन. देवगिरीच्या स्वारीसाठी इसवी सन पुरे, कारण तिच्या तारखा मुळात हिजरीतून आल्या आहेत. शकावरून इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. सोपानदेवांची तिथी मार्गशीर्षातली, म्हणून १२१८ + ७८ = १२९६. मुक्ताबाईंची शके १२१९ च्या वैशाखातली, म्हणून १२१९ + ७८ = १२९७. माघ-फाल्गुनातली घटना आली की हमखास एक वर्षाची चूक होते, तेवढी तिथे थांबून तपासा.